घर आत्ताच गेलं!

भाड्याने घर शोधायची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांनी हे वाक्य नक्की ऐकलं असेल. “अरेरे, घर आत्ताच गेलं हो! थोडं आधी यायला हवं होतंत.” सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ असते. आपणही ‘जाऊ दे, नशिबात नव्हतं’ म्हणून जिना उतरतो. आणि पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने जाताना वर बघतो तर काय, त्याच खिडकीत ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी आरामात लोंबकळत असते!

मंडळी, हे वाक्य चावीताईंइतक्या गोड आवाजात म्हणणारं माणूस त्यांच्या शहरात दुसरं नव्हतं.

चावीताई म्हणजे भाड्याच्या घरांच्या एजंट. त्यांचं खरं नाव फक्त ऑफिसच्या पाटीवर होतं. खांद्यावरच्या पिशवीत कायम चाव्यांचे जुडगे खुळखुळत असायचे, त्यामुळे बाई वळणावर असतानाच त्या आल्याचं रस्त्यावरच्या दुकानदारांना कळायचं. शहर तसं ना धड मोठं, ना धड लहान. पण अलीकडे त्याला भलतेच चांगले दिवस आले होते. नदीकाठच्या जुन्या गोदामांत कॉफीची दुकानं निघाली, कळकट भिंतींवर कुणीतरी मोठमोठे पक्षी रंगवले, आणि मोठ्या शहरांना विटलेली तरुण मंडळी पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून इथे राहायला येऊ लागली. सायकलदुरुस्तीच्या दुकानात आता कुंडीतली रोपं विकायला होती, आणि त्यांच्या किमती ऐकून जुना सायकलवाला पोट धरून हसायचा.

साहजिकच घरमालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकेकाच्या फर्माइशी ऐकाव्यात! लहान मुलं नकोत, भिंती रंगवतात. कुत्रा नको. तबला, गिटार काही वाजवणारा नको. एकटा पुरुष नको, एकटी बाई तर नकोच. आणि म्हातारं माणूस? त्याचं तर नावच काढू नका. यातलं एकही वाक्य घरमालक स्वतः कुणाच्या तोंडावर बोलायचा नाही. ते काम चावीताईंचं. समोरच्या माणसाकडे एक नजर टाकायची, हिशोब मनात करायचा आणि म्हणायचं, “घर आत्ताच गेलं हो!” कुणाचं मन दुखलं नाही, कुणाशी वाद झाला नाही. यात आपण कुणाचं काही वाईट करतो असं ताईंना कधी वाटलंच नव्हतं. उलट वाटायचं, आपल्या जिभेवर साखर आहे म्हणून एवढ्या लोकांचा अपमान टळतो.

एका सकाळी ऑफिसातला जुना वायरवाला फोन वाजला.

“नमस्कार. दुसऱ्या मजल्यावरचं, गॅलरी असलेलं घर आहे ना तुमच्याकडे?” बाईचा आवाज. स्वच्छ, खणखणीत, एखाद्या तरुण मुलीसारखा.

“आहे ना! किती जण राहणार?”

“मी एकटीच.”

“नोकरी कुठे?”

बाहेरून बस गेली, तिच्या आवाजात अर्धं बोलणं बुडालं. “टेलिफोन एक्स्चेंजमध्ये” एवढंच ताईंना ऐकू आलं. ते घर एका दाताच्या डॉक्टरांचं होतं. एकट्या बाईला ते सहसा घर देत नसत, पण पक्क्या नोकरीवाली असेल तर बघू म्हणाले होते. ताईंनी लगेच बोलावून घेतलं.

आणि दारात येऊन उभी राहिली ती सत्तरी ओलांडलेली बाई. पांढरेशुभ्र आखूड कापलेले केस, पायात कापडी बूट, गळ्यात दोरी लावलेला चष्मा.

“मुलीसाठी बघताय का घर, मावशी?”

“मुलगी कुठली हो! माझ्यासाठी. सकाळी फोन केला होता मी.”

ताईंची पापणीही लवली नाही. “अहो, काय सांगू तुम्हाला! घर आत्ताच गेलं. तुम्ही यायच्या पाच मिनिटं आधी एक जोडपं पसंत करून गेलं. मलाच इतकं वाईट वाटतंय!”

मावशींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “असं होय,” त्या म्हणाल्या. “वाईट झालं.” आणि निघून गेल्या.

दुपारी पुन्हा फोन वाजला. या वेळी आवाज घोगरा, घाईतला. “हॅलो, आम्ही दोघं नवराबायको, दोघंही कंप्युटरच्या कामात आहोत. गॅलरीचं घर आहे असं कळलं?”

“आहे की! सकाळपासून तुमच्यासारख्यांचीच वाट बघतेय मी.”

“नक्की ना? सकाळी कुणी बघून गेलं नाही ना?”

“छे हो! कुणी फिरकलंसुद्धा नाही.”

पलीकडचा घोगरेपणा एकदम गेला. मग तोच सकाळचा खणखणीत स्वर आला, “मी फिरकले होते की!”

ताईंच्या हातातला फोन निसटायचा राहिला. इतक्या वर्षांत त्या अशा कधी पकडल्या गेल्या नव्हत्या.

“फोन ठेवू नका,” मावशी म्हणाल्या. “मी भांडणार नाही. समोर बसथांब्याच्या बाकावर बसलेय. काचेतून बघा, हात करते.”

खरंच, रस्त्यापलीकडे एक हात वर झाला होता. आता आत बसून राहणं शक्यच नव्हतं. ताई ऑफिसला कडी घालून रस्ता ओलांडून गेल्या आणि बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसल्या.

“उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी,” मावशी म्हणाल्या. “सकाळी ‘होते’च म्हणाले होते, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. रोज शेकडो लोकांना सांगायचे, ‘लाइन व्यस्त आहे.’ पण खरोखर व्यस्त असली तरच. आणि आवाज बदलून सोबतच्या ऑपरेटर मुलींना फसवायची खोड तेव्हापासूनची.”

“मावशी, मी... म्हणजे माझा इलाज नसतो हो. मालकच सांगतात.”

“ते कळलं मला. पण या महिन्यात माझ्यासाठी शहरातली किती घरं ‘आत्ताच’ गेली आहेत, ठाऊक आहे? एक अख्खी गल्ली भरेल. आधी मला वाटलं, आपणच उशिरा उठतो. मग पहाटे उठून जाहिराती बघायला लागले. मग वाटलं, आपले कपडेच जुनाट दिसतात. एकदा तर केस काळे करून पाहिले. आरशात बघितलं, तर वठलेल्या झाडावर कावळा बसावा तशी दिसत होते!”

ताईंनी हसू दाबलं.

“तुम्ही मला सरळ म्हणाला असतात ना, ‘बाई, तुम्ही म्हाताऱ्या, म्हणून घर मिळणार नाही,’ तर मला राग आला असता. मी चार शब्द सुनावले असते. ‘का नाही’ असं विचारलं असतं. कदाचित पटवलंही असतं! पण घर गेलं म्हटल्यावर कुणाशी भांडायचं? तुम्ही माझं मन दुखवलं नाहीत, ताई. तुम्ही माझं तोंडच बंद केलंत.”

मग मावशींनी घर शोधायचं कारण सांगितलं. मावशी ज्या घरात वर्षानुवर्षं भाड्याने राहत होत्या, ती इमारत विकली गेली होती. आता तिथे पाहुण्यांसाठी चार दिवस मुक्कामाच्या खोल्या होणार होत्या. महिनाअखेरीला घर सोडायचं होतं. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तोही परदेशात.

“तो म्हणतो, काकू, वृद्धाश्रमात जा. मी म्हटलं, अरे, मी म्हातारी आहे, आजारी नाही. जाईन गरज पडली की. पण अजून स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या पिशवीत हवीय मला.”

“माझ्याकडे तळमजल्यावरची एक मागची खोली आहे,” ताई अडखळत म्हणाल्या. “तुमच्यासारख्यांना बरी पडेल. जिना चढायला नको.”

“उजेड येतो?”

“तसा... दिवा लावला की येतो.”

मावशी मोठ्याने हसल्या. “मग राहू द्या. मला गॅलरी हवी. ते घर दाखवायला काय घ्याल?”

ताई दाखवायला घेऊन गेल्या. दया आली म्हणून म्हणा, लाज वाटली म्हणून म्हणा. मावशी बिनदिक्कत जिना चढल्या आणि घरात शिरताच तपासणी सुरू झाली. न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला, तो भोंग्यासारखा घुमायला लागला. ओटा उंच आहे म्हणाल्या. खिडकीची कडी ढिली आहे म्हणाल्या. जणू घर त्यांना मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना पसंत पडण्याचाच काय तो होता! ताईंना गंमत वाटली. इतक्या वर्षांत म्हातारी माणसं त्यांनी पाहिली होती ती दारातच हात जोडून उभी राहणारी.

मग मावशी गॅलरीत गेल्या. खाली रस्ता, पलीकडे नदीचा एक तुकडा. कठड्यावर ऊन पडलं होतं. त्यांनी तिथे दोन्ही तळवे टेकवले. मग म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन चला मला. नाही म्हणायचं तर त्यांनी म्हणू दे.”

ताई कचरल्या. डॉक्टर म्हणजे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. त्यांची स्वतःची घरं, शिवाय त्यांच्या दोस्तमंडळींची. त्यांच्याशी बिनसलं तर ऑफिसचा अर्धा धंदा बसणार. पण मावशी जिना उतरायलाही लागल्या होत्या.

दवाखान्यात खुर्चीवर एक बँकेतले कारकून आ वासून बसले होते. डॉक्टरांनी ताईंकडे, मग मावशींकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ताई, आपलं काय ठरलं होतं?”

“त्यांनाच सांगा, डॉक्टर,” ताई कशाबशा म्हणाल्या. “मला नाही सांगता येत आता.”

“नमस्कार,” मावशी म्हणाल्या. “तुमचं घर मला आवडलं. नळ तेवढा दुरुस्त करून घ्या. मी म्हातारी आहे म्हणून घर देत नाही म्हणता, खरं का?”

डॉक्टर गोंधळले. असा प्रश्न त्यांना कुणी समोरासमोर विचारला नव्हता. कारकुनांच्या तोंडातली दात तपासायची सळई काढायचीही ते विसरले. मग हळू आवाजात बोलू लागले.

“बाई, मी दुष्ट माणूस नाही. आधी त्या घरात एक वयस्कर गृहस्थच राहत होते. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, निवृत्त झाले होते. एकटेच. एक दिवस खालच्या मजल्यावरून तक्रार आली, छतातून पाणी झिरपतंय. फोन केला, उचलेनात. शेवटी मी किल्लीने दार उघडलं. नळ वाहत होता, आणि ते... तीन-चार दिवस झाले असावेत. चष्मा हातात तसाच होता.” त्यांनी मान दुसरीकडे वळवली. “मला अजून झोपेत ते दार दिसतं. पुन्हा ते दार उघडायची माझी तयारी नाही. एवढंच.”

ताईंना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आजवर डॉक्टरांना ‘हट्टी मालक’ या खान्यात टाकून ठेवलं होतं. ‘म्हातारं माणूस नको’ हे वाक्य त्यांनी किती वेळा पुढे पोहोचवलं, पण ‘का नको’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

“वाईट झालं, डॉक्टर,” मावशी मऊ आवाजात म्हणाल्या. “नको ते तुमच्या वाट्याला आलं. काय नाव होतं त्यांचं?”

डॉक्टरांनी आडनाव सांगितलं. पहिलं नाव त्यांना आठवेना.

“घरी कधी गेला होतात त्यांच्या? चहाबिहा?”

“नाही. भाडं बँकेत वेळेवर यायचं. काही कारणच पडलं नाही.”

“समोरच्या घरात कोण राहतं?”

“एक तरुण मुलगा आहे. भाडेकरूच. तोही त्यांच्याशी कधी बोलत असेलसं वाटत नाही.”

“मग आता मी बोलते ते ऐका. पटलं नाही तर सोडून द्या. ते गृहस्थ वय झालं म्हणून गेले असतील. पण तीन-चार दिवस पडून राहिले ते काही वय झालं म्हणून नाही! कुणी हाक मारली नाही म्हणून. त्याच दिवशी समोरच्या तरुण मुलाला चक्कर आली असती, तर तोही तसाच पडून राहिला असता. झालं ते माणसामाणसांत बोलणं नव्हतं म्हणून, आणि तुम्ही शिक्षा देताय ती वयाला. उद्या तरुण जोडपं ठेवाल, परवा आणखी कुणी ठेवाल. दारं अशीच बंद राहिली तर कुठल्या ना कुठल्या दारामागे हे पुन्हा होणारच!”

“आँ! आँ!” खुर्चीवरून आवाज आला. डॉक्टरांनी दचकून सळई बाहेर काढली. कारकून जबडा चोळत म्हणाले, “बाई बरोबर बोलतायत, डॉक्टर. आमच्या मजल्यावर कोण राहतं हे मलाही ठाऊक नाही. आणि माझं तोंड मिटू द्या जरा, फार दुखतंय.”

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. “हे सगळं बोलायला ठीक आहे,” ते म्हणाले. “पण उद्या काही झालं तर मी कुणाला बोलावू? या शहरातलं तुमचं एक तरी माणूस सांगा. एक नंबर द्या.”

इतका वेळ खणखणीत बोलणाऱ्या मावशी पहिल्यांदाच थांबल्या. त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. मैत्रिणी होत्या, त्या एकेक करून गेल्या होत्या. पुतण्याचा नंबर परदेशातला. एवढं शहर, आयुष्यभर ज्याचे फोन जोडून दिले, आणि स्वतःसाठी त्यातला एक नंबर नाही!

“माझा लिहा,” ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. “तुमचा? तुमचा काय संबंध?”

“नव्हता. आजपासून आहे!” बोलून गेल्यावर ताईंनाच आपला आवाज परका वाटला. पण आता थांबणं नव्हतं. “काही झालं तर मला बोलवा. मी येईन. आणि डॉक्टर, आणखी एक. यापुढे कुणालाही ‘घर गेलं’ असं खोटं मी सांगणार नाही. तुम्हाला एखादा माणूस नको असेल, तर मी त्याला तुमच्याकडे आणीन. कारण तुम्हीच सांगायचं, त्याच्या तोंडावर.”

“म्हणजे मी दुसरा एजंट बघू?”

“बघा हवं तर.” ताईंनी पिशवीतून त्या घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

बाहेर पडल्यावर मावशी म्हणाल्या, “फारच बोललात हो. धंदा बुडेल तुमचा.”

“बुडेल बहुतेक,” ताई म्हणाल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो ताटावरून उठलाच. “तुला काय वेड लागलंय? डॉक्टर गेले की त्यांच्या मागे चार जण जातील. कोण कुठली ती बाई!”

“कोण कुठली, तेच तर मी इतकी वर्षं म्हणत आले,” ताई म्हणाल्या. “मी आज मोजायला बसले होते, किती जणांना मी असं परत पाठवलं. ती बाळंतीण आठवली, तो पांढरी काठी घेऊन आलेला मुलगा आठवला. सगळे मला ‘थँक यू’ म्हणून गेले रे! मी त्यांचं घर हिरावून घेतलं, आणि ते माझे आभार मानून गेले.”

नवरा परत ताटावर येऊन बसला. आणि जेवणानंतर, न सांगता, त्याने भांडी घासायला घेतली.

पुढचे काही दिवस ताईंचे वाईट गेले. डॉक्टरांच्या एका मित्राने खरंच आपल्या घराच्या चाव्या परत मागून घेतल्या. मावशींसाठी ताईंनी आणखी तीन मालकांना गाठलं. तिघांनीही नाही म्हटलं, पण या वेळी मावशींच्या समोर म्हटलं, आणि मावशी तिघांशीही मनसोक्त भांडल्या. महिनाअखेर जवळ येत चालली होती.

मग एका दुपारी डॉक्टर स्वतः ऑफिसात आले. खुर्चीत बसून त्यांनी ताईंनी दिलेला पाण्याचा ग्लास हातात घेतला.

“मी त्या समोरच्या मुलाकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, विचारावं तरी, ते गृहस्थ कसे होते. तो म्हणाला, ‘काका रोज सकाळी जिन्यात भेटायचे, काय हिरो, म्हणायचे. माझ्या कानात गाणी चालू असायची. मी नुसती मान हलवायचो. त्या आठवड्यात ते दिसले नाहीत, ते माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, गेले असतील कुठे.’ आणि ताई, तो रडायलाच लागला. एवढा मोठा मुलगा. म्हणाला, ‘मी बेल वाजवायला हवी होती. पण आपण कोण वाजवणार, असं वाटलं.’” डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. “तो त्याच्या दारामागे झुरत होता, मी माझ्या. बाईंना सांगा, घर त्यांचं. फक्त रोज सकाळी त्यांनी मला फोन करायचा.”

ताईंनी निरोप दिला, तर मावशी उसळल्या. “का म्हणून? शाळेत हजेरी द्यायची काय मी? मी जिवंत आहे का, तेवढंच कशाला बघायचं? बाकीचे काय अमर आहेत? सगळ्यांनीच सगळ्यांचं बघू या की!”

आणि राहायला गेल्यावर त्यांनी तसंच केलं. आठवडाभरात इमारतीतली सगळी दारं ठोठावून झाली. सकाळी कामाला निघताना प्रत्येकाने शेजारची बेल वाजवायची, आतून ‘हो’ आलं की पुढे जायचं. एवढाच नियम. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई, वरच्या मजल्यावरचे रात्रपाळीवाले भाऊ, सगळे आधी हसले, मग वाजवू लागले. समोरच्या मुलाचं मावशींनी ‘कानबंद’ असं बारसं केलं. तो तरीही रोज त्यांच्या दाराशी थांबायचा, आणि आता थांबताना कानातलं काढून ठेवायचा.

काही महिने असे गेले. आणि एका सकाळी कानबंदने बेल वाजवली, आतून ‘हो’ आलं नाही. पुन्हा वाजवली. दारावर थापा मारल्या. नाही! त्याने घाबरून ताईंना फोन लावला. ताई होत्या तशा धावल्या, धावता धावता डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर एका रुग्णाला खुर्चीत तसंच आ वासलेलं ठेवून, अंगातल्या पांढऱ्या कोटानिशी येऊन पोहोचले. शिंपीणबाई गळ्यातल्या टेपसकट वर आल्या, रात्रपाळीवाले भाऊ झोपेतून उठून खाली आले. जिन्यात सगळी इमारत गोळा झाली.

ताईंनी आपल्याकडची दुसरी किल्ली पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली, पण कुलपाला लावली नाही.

“मी उघडू का?” ताई हळूच म्हणाल्या.

“नको,” डॉक्टर म्हणाले. “मीच उघडतो.”

त्यांनी दार उघडलं. आतून घूं घूं असा आवाज येत होता. नळ चालू होता! डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ते उंबऱ्यावरच खिळून राहिले. इतक्यात नळ बंद झाला, न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं आणि डोक्याला पंचा गुंडाळलेल्या मावशी बाहेर आल्या.

“अगं बाई! हे काय? सकाळी सकाळी कुलूप उघडून घरात शिरताय? भाडं देते ना मी वेळेवर?”

“मावशी, बेल... बेल वाजवली किती वेळा...” कानबंदला पुढे बोलवेना.

“कशी ऐकू येणार बेल? हा नळ भोंग्यासारखा बोंबलतो! आल्या दिवसापासून सांगतेय, डॉक्टर, नळ दुरुस्त करा, नळ दुरुस्त करा...”

डॉक्टर उत्तर द्यायला गेले आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते जिन्याच्या पायरीवर बसले, आणि बसल्यावर सगळ्यांना दिसलं, की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मावशींना काय ते कळलं. त्या त्यांच्याशेजारी येऊन टेकल्या आणि ओल्या हातानेच त्यांची पाठ थोपटत राहिल्या. शिंपीणबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. त्या दिवशी कुणीच कामावर वेळेत पोहोचलं नाही.

चावीताईंचं ऑफिस आजही आहे. काही मालक त्यांना सोडून गेले, ते परत आले नाहीत. ताईंना त्याची झळ बसली, नाही असं नाही. काही नवे आले. मालकाने ‘अमका माणूस नको’ म्हटलं, की ताई शांतपणे विचारतात, “का नको? मला नका सांगू. मी त्यांना घेऊन येते, त्यांना सांगा.” गंमत अशी, की समोर माणूस येऊन बसला म्हणजे निम्म्या मालकांना ते कारण उच्चारताच येत नाही. स्वतःच्या तोंडून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची वेळ आली, की ते आपल्याच कानाला खोटं वाटायला लागतं.

मंडळी, घर तुमचं आहे. ते कुणाला द्यायचं हा अधिकारही तुमचा. पण नाकारायचंच असेल, तर खरं कारण सांगून नाकारा, आणि सांगण्याआधी ते एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून बघा. समोरच्याला उत्तर द्यायची संधी द्या. त्याच्या उत्तरातून कदाचित त्याला घर मिळेल आणि तुमच्या मनातली भीतीही निघून जाईल. आणि जिथे राहत असाल, स्वतःच्या घरात किंवा भाड्याच्या, तिथे शेजारच्या दारामागे कोण आहे, त्याचं पहिलं नाव काय, एवढं तरी माहीत करून घ्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. उद्या सकाळी निघताना, जाता जाता, एक बेल वाजवा!